धुक्याचे दिवे आणि शेजारची सीट

प्रिय ठकूबाई,

हे पत्र मी दुकानातल्या कापडं कापायच्या टेबलावर उभ्याउभ्याच लिहितोय, कारण बसलो की लगेच उठावंसं वाटतं. आज कशात म्हणून लक्ष लागत नाही. शाळेच्या गणवेशांचा हा ढीग पडलाय, आणि मी एका पँटला दोन्ही पाय डावे जोडून ठेवले. तीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाने! आता उसवत बसणं आलं. तुझी आई म्हणते, एक तर त्या गाडीचं काय ते निस्तरा नाहीतर मशीनवर बसा, मधल्यामधे माझं डोकं उठवू नका. फोनवर तुला सांगायला जावं तर तू 'ड्युटीला निघालेय बाबा' म्हणून ठेवून देतेस. लॅबमध्ये रक्त तपासणाऱ्याला एवढी कसली घाई असते कोण जाणे, रक्त काय बाटलीतून उठून पळून जाणार आहे? म्हणून हे पत्र. ड्युटी आठवली तर खिशात घालून ने, पण सगळं वाच.

इकडे धुकं सुरू झालंय. सकाळी पुलाचा कठडासुद्धा दिसत नाही, आणि धुकं पडलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मागच्या थंडीत मावशीकडून परत येताना तू गाडी चालवत होतीस, आई शेजारी, आणि धुक्यात तुम्ही दोघी त्या उभ्या ट्रेलरवर आदळलात. त्याला मागे एक धड दिवा नव्हता, पोलिसांनीही तसंच लिहून घेतलं. तुझी चूक नव्हती हे सांगून सांगून माझ्या जिभेला फोड यायचे बाकी राहिलेत. पण तू धरून बसलीस ते आईचं बोलणं. दवाखान्यात, मांडीचं हाड मोडून कळा येत असताना ती बोलून गेली की पुन्हा हिच्या गाडीत पाय ठेवणार नाही. बोलून गेली आणि तू ऐकलंस. त्याच आठवड्यात तू गाडीची किल्ली माझ्यापुढे टाकलीस आणि हॉस्टेलवर राहायला गेलीस. तेव्हापासून येतेस ती बसने, उंबऱ्यात उभी राहिल्यासारखी तासभर बसतेस आणि जातेस. घर तुझंच आहे ना गं?

आईचं म्हणशील तर तिने ते शब्द अजून मागे घेतलेले नाहीत. माफी मागणं तिला जन्मात जमलं नाही. लग्नानंतर एकदा तिने माझ्या नव्या शर्टाला इस्त्रीचा चटका दिला होता, तर आठवडाभर ती मला न विचारता चहा दोनदा देत होती, बस्स, तीच माफी. तुझी खोली रोज झाडते, तुझ्या गादीला ऊन दाखवते, पण तुझा विषय काढला की तोंडाला कुलूप. आणि परवापर्यंत गाडीचं नाव काढलं की उठून आत जायची. पाय दाखवायलासुद्धा काठी टेकत बसने गेली, पण मी शेजारच्यांची गाडी मागतो म्हटलं तर माझ्यावर अशी खेकसली की विचारू नकोस. तो राग होता की भीती, मला ओळखता येईना. बाईच्या मापाचा ब्लाउज शिवणं सोपं, मनाचा थांग लावणं नाही.

तर मी म्हटलं, आपल्याला जे करता येतं ते करू. तुझ्या गाडीला बंपर नवा बसवून घेतला आणि दिव्यांच्या मागे लागलो. बाजारात गेलो तर डोकं गरगरायला लागलं. लांबवर झोत टाकणारे वेगळे, धुक्याचे वेगळे, पांढरे, पिवळे, गोल, लांबुळके. मला वाटलं, जेवढा उजेड जास्त तेवढं बरं. चांगले थाळीएवढे दोन पांढरेफेक दिवे घेऊन आलो आणि आपल्या कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतले. तोच, ज्याला सगळे फ्यूज म्हणतात. एवढ्यातेवढ्याने उडतो म्हणून पडलेलं नाव. तो बसवतानाच कुरकुरत होता की काका, हे उघड्या हायवेचे दिवे आहेत, धुक्यात हे लावाल तर पस्तावाल. मी ऐकतोय थोडाच! तू लहान असताना सायकलला घंटी एक पुरत असताना मी तीन बसवल्या होत्या, तोच मी.

मग एका पहाटे आम्ही दोघं धुक्यात निघालो. फ्यूज चालवत होता, मी शेजारी. पुलाच्या अलीकडे त्याने मोठ्या ऐटीत बटण दाबलं आणि ठकू, तुला सांगतो, समोर चुन्याची भिंत उभी राहिली. सगळा उजेड धुक्यावर आपटून आमच्याच डोळ्यांत. काही म्हणजे काही दिसेना. माझा पाय आपोआप खाली दाबला गेला. तू नवीन गाडी चालवायला लागलीस तेव्हा मी शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबायचो आणि तू हसायचीस, तसाच. त्या दिवशी हसायला कोणी नव्हतं. पहिल्यांदा मला कळलं की तुला त्या संध्याकाळी काय दिसलं असेल, म्हणजे काय दिसलं नसेल. घरी आलो. दोन दिवस कात्री धरवेना. तुझ्या आईने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. ती भाजी निवडत राहिली.

ते थाळे परत केले. फ्यूजने मग खरे धुक्याचे दिवे आणले. बंपरमध्ये अगदी खाली बसतात, झोत पसरट आणि वरून कापल्यासारखा, म्हणजे उजेड धुक्याच्या पोटाखालून रस्त्यावर सरपटत जातो. मी हट्टाने पिवळे घेतले. तो म्हणाला रंगाने फारसं काही होत नाही, उंची आणि झोत महत्त्वाचा. असेना, माझ्या डोळ्यांना पिवळा बरा वाटतो. त्याने वायर वेगळी ओढली, वायर तापू नये म्हणून रिले बसवला, बटण स्टिअरिंगजवळ घेतलं, तुझा हात सहज पोचेल असं. मधेच त्याने विचारलं, काका, एवढा खटाटोप करताय, पण चालवणार कोण? मी ठोकून दिलं, चालवणारी येणार आहे. त्याने माझ्याकडे एकवार पाहिलं आणि पुढे पान्याला भिडला.

आता फक्त झोताची उंची लावायची राहिली होती. काल दिवेलागणीला गाडी मागच्या भिंतीसमोर उभी केली. मी टेपने मोजून भिंतीवर माझ्या खडूने रेघा आखल्या. फ्यूज म्हणाला, रेघा झकास, पण रिकाम्या गाडीवर झोत लावून उपयोग नाही. माणसं बसली की गाडी दबते, उजेड हलतो. जो चालवणार तो त्याच्या जागी हवा आणि शेजारी बसणारा शेजारी. आता आली पंचाईत. तुझं माप माझ्याकडे आहे, वजन नाही! अंदाजाने जुन्या मशीनचं डोकं आणि कापडाचे तागे तुझ्या सीटवर रचले. रागावू नकोस, तागे कमीच ठेवले होते. आणि शेजारच्या सीटसाठी आणखी तागे आणायला दुकानात गेलो.

परत आलो तर शेजारच्या सीटवर तुझी आई. कधी अंगणात आली, कधी दार उघडलं, काही पत्ता नाही. पट्टा लावलेला, काठी गुडघ्यांमध्ये, वरची कडी मुठीत गच्च आणि चेहरा कागदासारखा पांढरा. मी हातात तागे घेऊन तसाच उभा. नजर समोरच्या भिंतीवरच्या खडूच्या रेघांवर. मग मशीनच्या डोक्याकडे बोट करून फ्यूजला म्हणाली, हे काय लोखंड ठेवलंय तिच्या जागेवर, उचला ते आधी, मी बसलेय ना, आता तिला बोलवा. फ्यूज, जो पाना सापडला नाही तरी उडतो, त्याने मुकाट्याने मशीन उचललं आणि झोताची उंची न लावताच घरी निघून गेला. आज सकाळी उठून बघतो तर ही पुन्हा गाडीत. दुपारीही. सवय करतेय म्हणते, ठकू आली की मधेच भीती वाटायला नको. हे पत्र लिहितोय हेही तिला ठाऊक आहे. काय लिहू विचारलं तर म्हणाली, तुमचं तुम्ही बघा, आणि पट्टा लावून बसली. आत्ता, या क्षणीही ती तिथेच बसलेली आहे, तिच्या शेजारची तुझी चालवायची सीट रिकामी. ठकू, दिव्यांचे स्क्रू अजून सैल आहेत. ये आणि तुझ्या जागेवर बस.

तुझाच, दारात उभा असलेला,
बाबा