आवाजाचे नमुने

५ एप्रिल १९९३

लागली एकदाची नोकरी! ओसाकात, जूसो स्टेशनमागे, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत. हॉटेलात पाहुणे जेवत असताना ऑर्गन वाजवण्यातून सुटले. घरमालकीण उमेनो-सान खालीच राहतात. आल्या आल्या ताटलीभर गरम ताकोयाकी, ऑक्टोपस घातलेले गोळे, दिले, जीभ पोळली.

कामाची पद्धत मजेशीर आहे. खरा आवाज टिपायचा, त्याचे तुकडे करून किबोर्डच्या पट्ट्यांवर बसवायचे आणि त्यातून संगीत रचायचं. टिपलेल्या तुकड्याला नमुना म्हणतात. विभागप्रमुख इसोगाई-सान यांनी मान वर न करताच विचारलं, “हॉटेलातली तामाकी ना तू? इथे टाळ्या नाही मिळायच्या.”

शेजारी मुराओका-सान बसतात. नमस्काराला मान हलवली, बोलल्या नाहीत. प्रोग्रॅमर कुरामोतो म्हणाला, “ती बोलत नाही. तूही बेतानंच बोल.”

१९ एप्रिल

गावाच्या दृश्याला केलेली माझी चाल इसोगाईंनी सगळ्यांसमोर वाजवली. “लिफ्टमध्ये वाजतं असलं,” म्हणाले. सगळे फिदीफिदी हसले. कान तापले माझे.

दुपारी जंगलातल्या चेटकिणीसाठी हसू हवं होतं. स्पंज लावलेल्या खोलीत मला माइकपुढे बसवलं. कुरामोतोनं असा काही विनोद सांगितला की पोट धरून हसले. इसोगाई पहिल्यांदाच “छान” म्हणाले.

२१ एप्रिल

उमेनो-सान नवऱ्याची नक्कल करून दाखवत होत्या. तोंड उघडलं, पण हसू आलंच नाही. नुसती हवासुद्धा नाही. “आवडलं नाही का गं?” म्हणाल्या बिचाऱ्या.

ऑफिसात मात्र इसोगाईंच्या पट्ट्यांवर माझं हसू दिवसभर वाजत होतं. जाड, बारीक, उलटं.

१० मे

माझं हसू परत मागितलं. इसोगाई म्हणाले, “राजीनामा दे हवा तर. हसू कंपनीचं आहे.” मग गोड होऊन म्हणाले, “सगळी मुळाक्षरं वाचून दाखव, राजकन्येच्या संवादांसाठी. मग सगळंच परत.”

मी वाचली. अ, इ, उ... एकेक अक्षर तोंडातून सुटत गेलं, आमच्या मुळाक्षरांतलं शेवटचं ‘न्’ संपलं आणि तोंड रिकामं झालं.

काहीच परत दिलं नाही. बाहेर पडताना मुराओका-साननी तळहात पुढे केला. पेनानं लिहिलं होतं: पळ.

१६ मे

आईचा फोन. काल किती वेळ बोललीस, बरं वाटलं, म्हणाली. ओबोनला, पितरांच्या सणाला, येणार नाहीस तर राहू दे, कामात लक्ष घाल.

मी काल फोन केलाच नव्हता.

रिसीव्हरवर नखानं टकटक केलं. पुन्हा पुन्हा. आई चिडली, “कोण चावटपणा करतंय?” आणि फोन ठेवला.

१७ मे

पोलीस चौकीत सगळं लिहून दिलं. हवालदारानं कंपनीला फोन लावला, हो हो करत ऐकलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तामाकीबाई तिथे कामावर आहेत. आत्ताच बोललो त्यांच्याशी. तुम्ही कोण?”

१८ मे

पर्स आणायला ऑफिसात गेले. मुराओका-सानची खुर्ची रिकामी. इसोगाईंच्या पट्टीवर धप् धप् — धप् धप् —

विचारायला आवाज नाही. त्यांनीच सांगितलं, शेवटच्या राक्षसासाठी आहे. एक हृदय पुरत नाही, म्हणाले.

माझ्या छातीकडे बघत होते.

१९ मे

सकाळच्या गाडीनं निघणार होते. खाली इसोगाईंची मोटार उभी — कुरामोतोही आलाय —

कपाट दाराला लावलंय.

जिन्यावर पावलं. बाहेर माझाच आवाज. “उमेनो-सान, किल्ली आतच राहिली हो. तुमची देता का?”

उमेनो-सान स्वयंपाकघरातून ओरडल्या, “वेंधळी गं वेंधळी! जिन्याखाली खिळ्याला आहे बघ.”

जमिनीवर पाय आपटतेय. बुक्क्या मारतेय.

“वर कोण आपटतंय गं?”

“मीच. सामान हलवतेय,” बाहेरून मी म्हणाले.

किल्ली फिरली. कपाट सर—