बसणाऱ्यांच्या गटात

सोमवार, ३ नोव्हेंबर

चिठ्ठी निघाली. बसायची!

कॉलेजच्या खेळाच्या सरांनी आपल्या टोपीत चिठ्ठ्या टाकल्या होत्या. निम्म्यांवर 'धावणे', निम्म्यांवर 'बसणे'. त्यांची पीएच.डी. आहे, मुलींच्या शरीरावर सरावाचा काय परिणाम होतो यावर. धावणाऱ्यांना तीन महिने रोज सराव, वर उकडलेली अंडी आणि केळी. बसणाऱ्यांनी काहीही करायचं नाही, म्हणजे शेवटी दोन्ही गटांची तुलना करता येते. हे मला समजतं, मी काही ढ नाही. पण मागच्या पोलीस भरतीत माझं ग्राउंड थोडक्यात हुकलं ते आठशे मीटरमध्येच. सरांनी नावं घेताना सांगितलं होतं, "भरतीची तयारी होऊन जाईल." म्हणून तर नाव दिलं. टोपी पुढे आल्यावर कळलं की तयारी अर्ध्याच मुलींची होणार आहे.

रेश्माला धावायची निघाली. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. बसमध्ये आसेगाव येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून हसत होती. हस म्हणावं.

मंगळवार, ४ नोव्हें.

पहिली चाचणी. आधी आठशे मीटर, मग बाकावर चढउतार, मग नाडी.

नडगी ठणकत होती. भरतीच्या वेळी रोज दोन्ही वेळा धावून ती धरली, ती सुटलीच नाही. सरांना आधी सांगितलं. "पट्टी बांध आणि धाव." बांधली. धावले. शेवटच्या वळणावर डोळ्यांतून पाणी आलं. सरांनी वेळ लिहून घेतली. नडगीचं काही लिहिलं नाही.

मग बसणाऱ्यांची शपथ! उजवा हात पुढे, शाळेत प्रतिज्ञा म्हणायचो तशी. धावणार नाही, दोरीवरच्या उड्या मारणार नाही, कवायत करणार नाही. मी विचारलं, सर, शेतातलं काम? "ते चालेल. तो काही व्यायाम नाही."

घरी मायला सांगितलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग मी बी जलमभर बसूनच राह्यली काय वं?"

रविवार, १६ नोव्हें.

कोबी निघाली. वावरातली वाट ओली, टेम्पोवाला आत यायला तयार नाही. कॅरेट डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत मी आणि माय, बाबा टेम्पोत लावायला. किती खेपा झाल्या देव जाणे. काळ्या मातीत पाय पोटरीपर्यंत रुतत होता आणि मी मनात म्हणत होते, बस बाई बस, तू बसणाऱ्यांच्या गटात आहेस.

वर शेजारच्या काकू. मायजवळ येऊन हळूच, "पोरीच्या काळजात काई निंगालं म्हन्तेत? म्हून सरानं तिले पयाले बंद केलं?" मी डोक्यावरच्या कॅरेटसकट तिकडे वळले. काळीज ठणठणीत आहे म्हणून सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं सांगितलं. माय म्हणे, हळू बोल. कायले हळू? पहाटे धावायचे तेव्हाही लोक बोलत होते, आता धावत नाही तरी बोलतात.

मंगळवार, २ डिसें.

धावणाऱ्यांचा सराव आता डांबरी रस्त्यावर. ग्राउंडवर कोणाच्या तरी क्रिकेटच्या स्पर्धा लागल्यात. रोज, सुट्टी नाही. रेश्मा बसमध्ये चढताना दांडा धरून एकेक पाय उचलते. विचारलं तर, "सर म्हन्तेत सवय होईल."

तिने रुमालात बांधून माझ्यासाठी अंडं आणलं होतं. "खा. अंड्याची शपथ नाई घेतली तू." नाही खाल्लं. ते त्यांच्या गटाचं. मग मलाच वाईट वाटलं, इतकं काय ताणायचं. पण नाहीच खाल्लं.

शनिवार, १३ डिसें.

भरती नक्की. सगळ्यांच्या मोबाईलवर तेच.

सरळ सरांकडे गेले. मला सोडा, मला सराव करायचा आहे. सर आधी चिडले, मग खुर्ची पुढे ओढून बसले. गट मोडतो म्हणाले. इतकी वर्षं हे काम अडकून पडलंय, प्रमोशन यावर आहे, गाईड रोज फोन करतात. त्यांचा चेहरा खरंच उतरलेला होता. "ग्राउंड काही फेब्रुवारीच्या आधी होत नाही. इकडची चाचणी झाली की दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः तुझा सराव घेतो. शब्द देतो."

मीही दिला. देऊन टाकला! बसमध्ये बसल्यावर स्वतःचाच राग आला.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "सबद देल्ला तं पाळ मंग. भरती काई पयून नाई जात." बाबांना भरतीतलं काही कळत नाही, पण ते असं बोलले की रात्री झोप बरी लागते.

रविवार, २८ डिसें.

मधली चाचणी.

नडगी दुखली नाही! पहिल्या फेरीत मी वाट पाहत होते, आता ठणकेल, मग ठणकेल. काही नाही. पाय मोकळे, दम पुरला. दुसऱ्या फेरीत रेश्माला मागे टाकलं, ती लंगडत होती, मला तिच्याकडे बघवलं नाही. पोहोचले तेव्हा हसत होते मी. किती दिवसांनी धावले होते!

सर घड्याळ बघत राहिले. मग सगळ्यांसमोर, "लपून सराव करतेस तू."

"नाही सर."

"शरीर खोटं बोलत नाही. बाकीच्या बसणाऱ्या बघ, सगळ्या होत्या तिथेच आहेत. तुझंच कसं वाढलं?"

शपथ पाळली म्हटलं. मायची आण घेतली. सर हसले. हसले! मुलीही हसल्या. मी कधी कोणाचं पेन ढापलं नाही, आणि मला चोर ठरवलं, आठशे मीटरची चोर.

सोमवार, २९ डिसें.

आज सगळं कळलं. पूजाकडून. ही किन्हीराजा गावची, होस्टेलवर राहते, बसणाऱ्यांच्याच गटात. पाणी भरताना मला म्हणते, "तू पुऱ्या जोरानं कायले पयाली? येडी हायेस का?"

बाकीच्या सगळ्या बसणाऱ्या रोज पहाटे धावतात! होस्टेलच्या मागे, गोदामाच्या रस्त्याला. भरती निघाल्यापासून. आणि काल चाचणीत मुद्दाम हळू धावल्या, सरांना संशय नको म्हणून. ज्या धावल्या त्या खऱ्या, आणि जी बसली ती खोटी. वा!

पूजाला वाटेल ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "मले बी नोकरी पायजे ना वं. शपथ खाऊन पोट भरते का?" सरांना तिचं नाव सांगणार नाही. पण हळू धावणाऱ्यांबरोबर मला मोजू नका.

बुधवार, १४ जाने.

संक्रांत. सरांनी खोलीत बोलावलं, हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोलायचा दिवस, तर असं गोड की तोंड कडू झालं.

मी लपून धावते की नाही ते सोडून देऊ म्हणाले. फक्त शेवटच्या चाचणीत "थोडं जपून" धाव. पहिल्यांदा जेवढा वेळ लागला होता तेवढाच लागू दे. एकीमुळे गटाचा सगळा आकडा हलतो. "तुला काय फरक पडतो? भरतीत जोरात धाव."

मी सांगितलं, सर, पहिल्यांदा नडगी दुखत होती, तुम्हाला सांगितलं होतं. विश्रांती मिळाली, ती बरी झाली. म्हणून वेळ कमी आली.

"विश्रांतीने कोणी वेगवान होतं का?"

हे सर! पहिल्या वर्षाला फळ्यावर यांनीच शिकवलं, सरावात शरीर झिजतं आणि विश्रांतीत भरून येतं, म्हणून दोन्ही हवं. परीक्षेत मी तेच लिहिलं आणि यांनीच पूर्ण गुण दिले. आठवण करून दिली. म्हणाले, ते पुस्तकातलं.

तिळगूळ तसाच मुठीत घेऊन बसस्टँडवर आले. पूर्ण चिकट झाला होता.

शनिवार, २४ जाने.

रेश्माला घेऊन सरकारी दवाखान्यात. डॉक्टरीण बाईंनी नडगीवर बोट दाबलं आणि ती किंचाळली. धावणं एकदम बंद, नाहीतर हाडाला तडा जाईल. बाहेर येऊन तिथेच कट्ट्यावर बसून रडली. ती रडत नाही कधी, शाळेत हात मोडला तेव्हाही नव्हती रडली.

रेश्माने सरांना फोन लावला, स्पीकरवर. "एक आठवडा राहिलाय, तेवढा ओढ. धावणाऱ्यांतली तू सोडून गेलीस तर मी काय दाखवू?"

रेश्मा म्हणाली, बरं सर. मी फोन हिसकावून घेतला आणि म्हटलं, ती येणार नाही. आणि मी येणार, आणि जपून धावणार नाही. सरावाचा परिणाम बघायचा होता ना, मग हा दिसत नाही का? रेश्माची नडगी शरीरात धरत नाहीत का?

रेश्मा डोळे पुसून म्हणे, "आता तुह्या सरावाचं गेलं बापा. तुह्या तोंडानं गेलं."

गेलं तर गेलं.

रविवार, १ फेब्रु.

शेवटची चाचणी. पूजा आणि बाकीच्या आपापल्या हळू चालीने धावून आल्या, सरांनी मान डोलवत लिहून घेतलं. माझी पाळी शेवटी, एकटीला. रेश्मा कडेला बाकावर, पाय लांब करून.

शिट्टी झाली आणि सरांनी अंगठ्याने घड्याळ दाबलं. मी पाहिलं. रेश्मानेही पाहिलं.

धावले. जेवढं अंगात होतं तेवढं. मध्येच मनात आलं की हळू केलं तर सर खूश, सराव परत मिळेल, भरती मिळेल, कोणाचं काय जातं. आलं तसं गेलं, कारण पाय ऐकेनात. इतकं सोपं, इतकं छान धावणं मला भरतीच्या दिवशी हवं होतं. रेघ ओलांडली. सरांकडे बघितलं.

त्यांनी घड्याळ बघितलं. मग शून्य केलं.

"सुरूच झालं नव्हतं बहुतेक. पुढच्या रविवारी परत घेऊ. एकटीच ये."

मी दम खात उभी. एरवी तोंड चालतं माझं, आणि तेव्हाच नेमकं...

मी किती वेळात धावले, हे आता फक्त सरांना माहीत आहे. हेच सहन होत नाही. सराव नका घेऊ, शब्द नका पाळू, पण माझी वेळ मला सांगा. ती माझी आहे.

शनिवार, ७ फेब्रु.

आठवडाभर सरांनी ओळख दिली नाही. भरतीचा सराव सुरू झाला, पूजा आहे त्यात, बाकीच्याही आहेत. मी ग्राउंडच्या तारेबाहेरून बघून आले.

बाबांना आज सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील सोड, कायले त्या माणसाच्या मागं लागते. ते वांगी निवडत होते. खराब बाजूला टाकत म्हणाले, "उद्या तुह्यासंगं येतो मी. काई बोलनार नाई. निस्ता उभा राहीन." रविवारचा बाजार सोडून. बाबांनी बाजार सोडल्याचं मला आठवत नाही. आत जाऊन थोडं रडून घेतलं.

संध्याकाळी सरांना मेसेज केला. लिहून, खोडून, परत लिहून. शेवटी एवढंच: "सर, उद्या येते. एकटी नाही. बाबा आहेत, आणि रेश्मा तिच्या मोबाईलवर वेळ लावणार आहे. तुमचं घड्याळ चाललं तर दोन्ही जुळवून बघू."

लगेच दोन निळ्या खुणा आल्या. वर 'टाइप करत आहे' असं दिसलं, गेलं, परत दिसलं, परत गेलं.

जेवणं झाली. नडगी दाबून पाहिली, दुखत नाही. बूट धुऊन दारात वाळत ठेवलेत. उत्तर अजून नाही.