अप्पांच्या लॅपटॉपचा वेग

१२ जुलै २०२५, शनिवार. उदगीर

पुन्हा तेच. मागच्या शनिवारी लावून दिलेली सेटिंग आज जागेवर नाही. अप्पांनी सकाळी लॅपटॉप सुरू केला, "चहा दे" टाइप केलं, एंटर दाबलं — आणि मशीन गप्प. तीन, चार, पाच सेकंद. तोवर अव्वा, म्हणजे माझी आई, आपणहून चहा ठेवून आत निघून गेलेली. मग आवाज आला, "चहा दे."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. फेब्रुवारीत लातूरला घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून त्यांचं सगळं रागावणं डोळ्यांत. पंचवीस वर्षं अडत दुकानात बोली पुकारलेला माणूस! बाजारात त्यांना सगळे वीरण्णा म्हणतात; वीरण्णाची बोली पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची.

लॅपटॉप भंगारातला. नांदेडच्या ज्या कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे, तिथूनच विचारून आणला. लिनक्स टाकलं, टाइप केलेलं मराठी मोठ्यानं वाचणारा प्रोग्रॅम टाकला. प्रोसेसर पूर्ण वेगात ठेवला तर एंटर दाबल्याबरोबर बोलतो, पण बॅटरी चाळीस मिनिटांत खलास. वेग कमी ठेवला तर अडीच तास पुरते, पण प्रत्येक वाक्याआधी असा खड्डा पडतो. तेवढा वेळ समोरचं कुणी थांबत नाही. दुसरंच काहीतरी बोलायला लागतं.

१३ जुलै, रविवार

कारण सापडलं. मशीन सुरू होताना माझी स्क्रिप्ट चालते, पूर्ण वेग लावते. तिच्यानंतर सिस्टिमची स्वतःची बॅटरी सांभाळणारी सर्व्हिस उठते आणि माझं सगळं पुसून टाकते. आज माझी स्क्रिप्ट तिच्या मागं लावली. चार वेळा बंद-चालू केलं, चारही वेळा टिकलं. पाचव्यांदा करायला गेले तर अव्वा म्हणाली, "आल्यापासून त्या डबड्याकडंच बघून राहिलीस. दोन घास खा की."

मशीन बोललं की ती अजून डोक्यावर पदर घेते. "परका माणूस बोलतो गं घरात," म्हणते.

१९ जुलै, शनिवार. उदगीर

साहेबरावकाका आले होते. अप्पांच्याच दुकानातले हमाल, वीस वर्षं एकत्र काढलेली. दिवाळीनंतर मालकाच्या दुसऱ्या गोदामातून सोयाबीनची गाडी आली. अप्पांनी पोती मोजून आकडा पुकारला, मुनीमानं लिहून घेतला. आठवड्यानं मोजलं तर दहा पोती कमी. गोदामाची किल्ली काकांकडं असायची. चोर ठरले. काम गेलं, हमालीचा बिल्ला गेला. आता एका वीटभट्टीवर राखण करतात.

याचाच निवाडा करायला व्यापारी आणि हमाल मिळून बैठक घेणार आहेत, तीन ऑगस्टला. काका दारातच बसले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"पोरी, माल मोजला वीरण्णानं. त्यो माझ्या बाजूनं दोन शब्द बोलला की झालं. माझं कुणी ऐकून घेईना."

अप्पांनी मान हलवली. हो का नाही, नीट कळलं नाही. मीच म्हटलं, "बोलतील की काका. मशीन मी तयार ठेवते."

ते गेल्यावर अप्पा जेवले नाहीत. घसा दुखत असेल.

२३ जुलै. नांदेड

लॅबमध्ये चाळीस कॉम्प्युटर, आणि माझं डोकं त्या एका लॅपटॉपवर. त्याच मॉडेलचा एक इथं पडून आहे, त्यावर करून बघते. नको त्या सर्व्हिस काढल्या. सुरू व्हायला एक मिनिट दहा सेकंद लागायचे, आता अडतीस.

२४ जुलै

पस्तीस.

२ ऑगस्ट, शनिवार. उदगीर

ठरलं. बैठकीत काही झालं तरी पूर्ण वेग. चार्जर असो-नसो. काकांची पाळी आली की मगच मशीन सुरू करायचं, म्हणजे चाळीस मिनिटं पुरतील. अप्पांना दोनदा समजावून सांगितलं. ते ऐकत होते की खिडकीतून बाहेर बघत होते, काय माहीत.

३ ऑगस्ट, रविवार

माझ्यामुळं झालं. सगळं माझ्यामुळं.

हॉल गच्च भरलेला. मी दाराशी उभी, अप्पा पुढं टेबलापाशी. लॅपटॉप मीच सुरू करून दिला होता. अध्यक्षांनी विचारलं, "वीरण्णा, साहेबरावाबद्दल काय सांगायचं हाय तुम्हाला?" अप्पांचे हात की-बोर्डवर होते. एक मिनिट गेलं. दोन गेली. कुणीतरी खोकलं, मागं दोघं बोलायला लागले. अप्पा पडद्याकडं बघत नुसते बसून. मशीनमधून चकार शब्द नाही. मी गर्दीतून पुढं जाईपर्यंत अध्यक्ष म्हणाले, "मशीन बंद पडलं वाटतं. ऱ्हाऊ द्या. सतरा तारखेला परत बसू."

मी पोचले तोवर अप्पांनी लॅपटॉप मिटलेला होता. काका त्यांच्याकडंच बघत होते.

५ ऑगस्ट. नांदेड

गरम! तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. बंद हॉल, एवढी माणसं, वर पंखा नाही. हे मला आधी कसं सुचलं नाही?

९ ऑगस्ट, शनिवार. उदगीर

स्टँडवर उतरले तर समोर साहेबरावकाका. मी मान खाली घातली. त्यांनीच माझ्या हातातली पिशवी घेतली. "मशीनच त्ये, बिघडायचं. तू कशाला तोंड पाडतीस? वीरण्णा असताना मला काळजी न्हाई." रिक्षापर्यंत सोडून गेले.

अप्पांना म्हटलं, लॅपटॉप आठवडाभर नांदेडला नेते, नीट तपासते. वाटलं, नको म्हणतील. स्वतःच उचलून दिला. चार्जरही गुंडाळून दिला.

१४ ऑगस्ट, गुरुवार. नांदेड

तीन दिवस मशीन तापवून बघितलं. दुपारी उन्हात खिडकीत ठेवलं, वर आणखी कामं चालू ठेवली. थोडं मंद होतं, पण गप्प बसत नाही. एकदाही नाही.

मग सिस्टिमचा लॉग उघडला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तीन ऑगस्ट, अकरा वाजून चार मिनिटं: माझी स्क्रिप्ट चालली, पूर्ण वेग लागला. नंतर कुणी बदलला नाही. तापल्याची एकही सूचना नाही. बोलणारा प्रोग्रॅम सुरू होता, तयार होता. त्याच्याकडं वाक्य आलंच नाही. एकही नाही.

चार वेळा वाचलं. लॅब बंद करायची वेळ झाली, शिपाई दोनदा डोकावून गेला.

मशीन बिघडलं नव्हतं. अप्पांनी एंटर दाबलंच नव्हतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. उदगीर

झेंडावंदन करून तशीच बस धरली. मुखेडपर्यंत उभी होते. काय विचारायचं ते शंभरदा ठरवलं, शंभरदा मोडलं.

अव्वा पाणी भरायला गेली तसं विचारलं. "अप्पा, त्या दिवशी तुम्ही काही टाइपच केलं नव्हतं ना?"

लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला. चौतीस सेकंदांत सुरू झाला. अप्पांनी एका बोटानं काहीतरी टाइप केलं, पुसलं. परत टाइप केलं, परत पुसलं. मग उठले आणि अव्वाच्या हातातली घागर घ्यायला नळावर गेले.

मालकानं धमकावलं असेल का? की काकांनी खरंच पोती नेली, आणि अप्पांना ते माहीत आहे? वीस वर्षांच्या दोस्ताविरुद्ध बोलायचं कसं, म्हणून गप्प बसले?

काकांनी माझी पिशवी उचलली होती. आता त्याचाही संशय येतो. लाज वाटते मला.

१६ ऑगस्ट

अप्पा घरभर फेऱ्या मारतात. मी पण. अव्वा म्हणाली, "दोघं मिळून फरशी झिजवा."

१७ ऑगस्ट, रविवार

अध्यक्षांनी तोच प्रश्न विचारला. अप्पांनी सावकाश टाइप केलं, एंटर दाबलं. मशीन लगेच बोललं. हॉलच्या शेवटापर्यंत ऐकू गेलं.

"गाडीत त्रेपन्न पोती होती. मी त्रे म्हणालो आणि माझा आवाज फुटला. मुनीमाने त्रेसष्ट लिहिले. दहा पोती कधी आलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी वही बघितली तेव्हा मला कळले होते."

अध्यक्ष म्हणाले, "अहो, मग तवाच का न्हाई सांगितलं?"

"घसा बिघडलेला मालकाला कळला असता. मला काढले असते."

साहेबरावकाका उठले. अप्पांसमोर येऊन उभे राहिले. मग वळले आणि चपला हातात घेऊन तसेच बाहेर पडले.

अप्पा त्यांच्या मागं धावले. लॅपटॉप टेबलावरच राहिला.