सगळे, नाहीतर कुणीच नाही

३ मे १९५९, रविवार

जिंकलो! चार-एक. शेजारच्या ओलिंदाहून आलेल्या पोरींना वाटलं होतं, आम्हाला फुटबॉल येत नाही, आम्ही नुसत्याच धावतो. तीन गोल गियोमारचे, एक माझा, डाव्या पायाने. मैदानाच्या कडेला उभं राहायला जागा नव्हती. लोक नेहमीसारखे हसायलाच आले होते. 'चूल विझवून आलात का गं?' म्हणून एक जण सारखा ओरडत होता. दुसऱ्या गोलनंतर त्याचा आवाज ऐकू आला नाही.

तिकिटांचे पैसे सगळे गॅलरीला. प्रेक्षकांना बसायला क्लबची पहिली सिमेंटची गॅलरी. जुलैत क्लबला पन्नास वर्षं होतायत, त्याआधी उभी राहायला हवी. पुरुषांच्या सामन्यांवर नुसती वाळूसुद्धा आली नसती. हे मी नाही म्हणत, ओतासिलिओकाका म्हणाले. क्लबचे अध्यक्षच म्हणतायत म्हटल्यावर खरंच असणार. सगळ्यांसमोर म्हणाले, 'पोरींनो, ही गॅलरी तुमच्या पायांवर उभी राहतेय.'

बाबा आले नाहीत. आजवर एकदाही आले नाहीत. विचारलं की गोदीत काम होतं म्हणतात. रविवारी कसलं काम?

गुडघा सोलवटलाय. उद्या कापडगिरणीत दिवसभर सुताच्या साच्यापुढे उभं राहायचंय. राहीन.

१० मे, रविवार

सामना नव्हता. नारळाच्या दुधात खेकडे शिजवले. आई गेल्यापासून रविवारचे खेकडे माझ्याकडेच. पोट भरलं की बाबा क्लबचा इतिहास सांगतात. मला पाठ आहे. तरी ऐकते.

गोदीत संप झाला होता. 'हातांना काम नव्हतं, मग पायांना दिलं' — हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साखरेच्या पोत्याचं कापड, आत कापूस कोंबलेला, असा पहिला चेंडू. हमालांचा क्लब. बाबा सगळ्यांत लहान. नाव ठेवलं एस्त्रेला दो काइस, म्हणजे धक्क्याचा तारा. पण त्या नावाने कोण ओळखतं? शहरातल्या बड्या क्लबांचे लोक म्हणायचे, खाजणातून येतात, चिखलाने बरबटलेले असतात, हे कसले तारे, हे तर खेकडे! यांनी शिवी ऐकली आणि छातीवर शिवून घेतली. अजून सदऱ्यावर खेकडाच आहे. आज रेसिफेतल्या कुठल्याही ट्रामवाल्याला, कोळणीला विचारा, आम्ही खेकडेच म्हणतील.

मग २६ सालची गोष्ट. ही सांगताना बाबा उठून उभे राहतात. लीगने नवा नियम काढला होता. सामन्याआधी प्रत्येक खेळाडूने पंचासमोर स्वतःच्या हाताने नाव लिहायचं. नियम कुणासाठी होता ते सगळ्यांना कळत होतं. अर्ध्या संघाला लिहिता येत नव्हतं. ओतासिलिओकाका तेव्हा कप्तान. ते गोदीच्या कचेरीत कारकून होते, त्यांचं अक्षर मोत्यासारखं. लेखणी त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, 'सगळे, नाहीतर कुणीच नाही.' संघ मैदानातून चालता झाला. पुढे कितीतरी वर्षं खाजणातल्या चिखलावर खेळले. आणि लोक लीग सोडून चिखलावर आले! शेवटी लीगलाच बोलवावं लागलं.

मी विचारलं, लिहिता न येणाऱ्यांत तुम्ही होतात ना. दर वेळी विचारते.

'पहिला मीच,' बाबा म्हणाले. छाती काढून.

१७ मे, रविवार

वर्तमानपत्रात आमचा फोटो आला होता परवा. गियोमार हवेत, पाय वर, झगा नाही, अर्धी चड्डी. तिने तो कापून साच्याला चिकटवला. मुकादमाने काढला. तिने परत चिकटवला.

फोटो वरपर्यंत पोहोचला वाटतं. आज सरावाच्या वेळी एक माणूस मोटारीतून उतरला. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून फळीवरून चालत आला. राजधानीतल्या कचेरीचा. म्हणाला, कायदा आहे, जुना आहे, बायकांच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ बायकांनी खेळायचे नाहीत. मग त्याने आम्हाला आमच्या शरीराची माहिती दिली. गर्भाशय, कंबर, छाती. तरण्याताठ्या बाया सगळ्या, घामाने निथळत उभ्या, आणि हा सांगतोय! गियोमारला तीन मुलं आहेत. तिने विचारलं, साहेब, साच्यापुढे दहा तास उभं राहिलेलं मानवतं का प्रकृतीला? त्याबद्दल कायदा काय म्हणतो?

तो म्हणाला, ते काम आहे.

चेंडू घेऊन गेला. आमचा चेंडू!

२४ मे, रविवार

ओतासिलिओकाका घरी आले. कॉफी घेतली. साखर ढवळत बसले, कप रिकामा झाल्यावरही. गियोमार होती. मी होते. बाबा दारात पाठ करून बसलेले.

काका म्हणाले, थोडे दिवस थांबा. ऐकलं नाही तर क्लबची नोंदणीच रद्द होईल, पन्नासाव्या वर्षी. जुलै होऊन जाऊ दे, मग बघू.

'काका, मग म्हणजे कधी?' गियोमार म्हणाली. 'माझे दात पडल्यावर?'

ते हसले. तिला हसू आलं नाही. मी म्हटलं, २६ साली तुम्ही थांबला नव्हतात. त्यावर ते म्हणाले, तेव्हा आपल्याकडे गमवायला काही नव्हतं, पोरी.

म्हणजे आता आहे. काय आहे? गॅलरी आहे. आमच्या पायांवर उभी असलेली.



३१ मे, रविवार

चर्च सुटल्यावर सभा झाली. बायकांना सभासदत्व नाही, म्हणून आम्ही बाहेर, खिडकीशी. पाऊस लागला होता. आम्ही हललो नाही.

काका बोलले. चांगलं बोलतात ते. आमचं कौतुक केलं, आभार मानले, गॅलरीचं श्रेय दिलं. मग म्हणाले, क्लबच्या हितासाठी महिलांचा संघ बरखास्त करावा, ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा.

पुढच्या रांगेतले हात झटकन गेले. मग मागचे. काहींचे वर गेले नाहीत, हे लिहून ठेवते. गोदीतला म्हातारा सुतार नुसता जमिनीकडे बघत बसला. दोघे-तिघे उठून बाहेर आले आणि आमच्या शेजारी पावसात उभे राहिले.

मी बाबांकडे बघत होते. हात मांडीवर होता. मला वाटलं, राहील. तिथेच राहील. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. संस्थापकांतले तेवढे दोघेच उरलेत.

हात वर गेला. हळू. ओझं उचलताना जातो तसा.

खिडकीत मी आहे हे त्यांना दिसत होतं.

१ जून

बोलले नाही. जेवण झाकून ठेवलं.

४ जून

बाबाच बोलले शेवटी. कामावर निघताना, दारात. म्हणाले, 'क्लब राहिला पाहिजे.'

मी विचारलं, कुणाचा?

ते गेले. दिवसभर साचा माझ्या कानात तेच वाजवत होता. कुणाचा, कुणाचा.

टोपलीतल्या खेकड्यांवर झाकण ठेवावं लागत नाही म्हणतात. एक वर चढायला लागला की बाकीचे त्याचा पाय ओढतात. लहानपणी मी यावरून भांडायचे, आमचे खेकडे तसले नाहीत म्हणून! आता कुणी म्हणालं तर भांडणार नाही.

१४ जून, रविवार

सदरे परत मागवले. धुवून, इस्त्री करून द्या, असा निरोप. दिले. मीच सगळ्यांचे गोळा केले, मीच धुतले. पिवळा रंग पाण्यात जातो, म्हणून वेगळे धुवावे लागतात. त्यांना हे ठाऊकही नसेल.

कमरेला आम्ही टिपा घातल्या होत्या. त्या उसवून ज्युनियर पोरांना देणार आहेत. गियोमारने स्वतःचा दिला नाही. हरवला म्हणून सांगितलं. काकांनी निमूट मान्य केलं. तेवढी लाज शिल्लक आहे म्हणायची.

आमची गोलकीपर नाझारे लग्न करतेय. सासरच्यांची अट — तो फोटो कुणाला दाखवायचा नाही. ती मला म्हणाली, बरंच झालं गं, नाहीतर कधी थांबले असते? तिच्याशी भांडावंसं वाटलं. पण तिचे हात बघितले. चेंडू अडवून अडवून वाकडी झालेली बोटं. 

२४ जून

सेंट जॉनचा सण. मका शिजवला. दोन ताटं वाढली. दोन्ही तशीच उचलली.

५ जुलै, रविवार

पन्नास वर्षं झाली.

जायचं नाही असं ठरवलं होतं. गियोमार ओढून घेऊन गेली. म्हणाली, आपण बांधलेलं घर आहे, बघायला तरी जाऊ. गॅलरी खरंच सुंदर झालीय. पिवळी, काळी. भिंतीवर केवढा मोठा खेकडा रंगवलाय. त्याखाली संगमरवरी पाटी: 'सभासदांच्या श्रमातून.' सभासदांच्या! गियोमारने पाटीवरून हात फिरवला. 'थंड आहे,' म्हणाली.

बँड झाला, पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं. ज्युनियर पोरं सदरे घालून रांगेत उभी होती. माझा ओळखला मी. डाव्या बाहीला रफू आहे.

मग बाबांना व्यासपीठावर नेलं. कोट घातला होता, आईच्या अंत्यविधीचा. हातात माइक दिला. २६ सालची गोष्ट सांगा म्हणाले, जिवंत इतिहास तुम्ही. अख्खी गॅलरी उभी राहिली. मैदानावर माणसंच माणसं. मी आणि गियोमार अगदी समोर, दोरीला लागून.

बाबांनी सुरुवात केली. संप, पोत्याचा चेंडू. हातांना काम नव्हतं, मग पायांना दिलं, यावर लोक हसले. लीगचा नियम. पंचाचं टेबल. लेखणी. मी मनात त्यांच्याबरोबर म्हणत होते, सवयच आहे. ओतासिलिओने लेखणी टेबलावर ठेवली, बाबा म्हणाले, आणि तो म्हणाला —

आणि थांबले.

लोक वाट बघत होते. मलाही वाटलं, श्वास घेतायत. त्यांचे ओठ हलत होते. माइकमधून नुसता श्वास येत होता. त्यांनी माइक खाली केला आणि खुर्चीवर बसले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वय झालं बिचाऱ्याचं, माझ्या मागची बाई म्हणाली, गहिवरून आलं असेल. मग ओतासिलिओकाका पुढे झाले. माइक घेतला. आणि स्वतःच म्हणाले, 'सगळे, नाहीतर कुणीच नाही!'

गॅलरी हादरली. सिमेंट चांगलं आहे. काही झालं नाही तिला.

६ जुलै

बाबा आज गोदीत गेले नाहीत. कोट अंगावरच होता. मी संध्याकाळी गिरणीतून आले तेव्हा सकाळच्याच खुर्चीवर. विचारलं, काल वाक्य विसरलात का.

'विसरेन कसा?' म्हणाले. 'तू समोर उभी होतीस.'

मी म्हटलं, सभेच्या दिवशीही खिडकीत मीच होते. तेव्हा हात बरा वर गेला.

त्यांनी मान हलवली. सबब सांगितली नाही. सांगितली असती तर बरं झालं असतं, मला आणखी चिडता आलं असतं. कसाव्याची पेज करून दिली. प्याले. मी आतल्या खोलीत येऊन बसले.

पासष्ट वर्षांचा माणूस. अख्खं आयुष्य एका वाक्यावर काढलं. आता ते वाक्यही नाही त्याच्याकडे. वाईट वाटायला हवं. वाटतंय का? वाटतंय. पण राग त्याच्याहून मोठा आहे, आणि तो मी सोडणार नाही.

१२ जुलै, रविवार

पहिल्यांदाच रविवारी गोष्ट झाली नाही. खेकडेही आणले नाहीत. मैदानापलीकडच्या मोकळ्या जागेत सर्कस आलीय. बँडचा आवाज येत होता. बाबा 'जरा जाऊन येतो' म्हणून बाहेर पडले. कुठे ते मी विचारलं नाही.

१९ जुलै, रविवार

सर्कशीची मालकीण घरी आली. झोराइदबाई. जाडजूड, सोन्याचा दात. चेंडू खेळणाऱ्या मुली हव्यात म्हणाली, कसरतीनंतर, विदूषकाच्या आधी. खेळ म्हणून बंदी आहे, तमाशा म्हणून नाही. 'लोक हसायला येतील. पुढचं तुम्ही बघा.'

माझं नाव कुणी सांगितलं, मी विचारलं.

'तुझ्या बाबांनी. गेल्या रविवारी आले, मी हाकललं. दुसऱ्या दिवशी परत आले. तू डाव्या पायाने चेंडू कसा थांबवतेस, कशी वळतेस, तंबूत सगळं करून दाखवलं. पडता पडता वाचले. म्हणाले, एकही सामना चुकवला नाही. साखरेच्या गोदामामागून बघायचे.'

गियोमार येतेय, पोरांसकट. मंगळवारी सर्कशीबरोबर कांपिना ग्रांदेला निघायचं.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते दारात बसलेत, डोकं खाली घालून, माझ्या खेळायच्या बुटांना नवे खिळे ठोकतायत.