अठ्ठाविसावा हात

प्रिय वेंडेल,

ओढ्यापलीकडे दोन मैलांवर राहणाऱ्या भावाला पोस्टाने पत्र धाडणारी बहीण आपल्या काउंटीत मी एकटीच असेन. पोस्टातली बाई पत्ता वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बघणार, ठाऊक आहे मला. पण बोलायला बसलो की आपल्या दोघांचाही आवाज चढतो, अगदी बाबांचा चढायचा तसा, आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच. मधेच उठून फोन करू नकोस.

मंगळवारी पायरीवर ठेवलेले टोमॅटो मिळाले. बेल न वाजवता पळालास, तरी तुझ्या ट्रकचा आवाज मी झोपेतही ओळखीन. पहिल्या तोडीचे दिसतात. दोन पावांमध्ये जाड चकत्या, मेयोनेझ, वरून मीठ, आणि मोरीपाशी उभ्याउभ्याच खाल्लं, कोपरापर्यंत रस ओघळला. अर्डिस असती तर म्हणाली असती, "गेटवुडांना माफी मागता येत नाही, म्हणून ते टोमॅटो पिकवतात." बायको तुझी होती, पण माझी थट्टा करायचा हक्क तिने लग्नाच्या दिवसापासून घेतला होता. मार्चपासून मला नावं ठेवणारं कोणी उरलेलं नाही, आणि ते मला फार जाणवतं.

सोमवारी दगडावर अक्षरं कोरायला घेणार, असं कळलं. चर्चच्या फाटकाशी, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा तो उभा राहणार, देशाला अडीचशे वर्षं झाली म्हणून. 'हा देश ख्रिस्ती राष्ट्र म्हणून जन्माला आला.' खाली आपल्या पूर्वजाचं, जोसाया गेटवुडचं नाव, आणि त्याखाली, 'प्रवचन दिल्याबद्दल तुरुंगवास, १७७१.' चर्चचा पाळक म्हणून तो मजकूर तू सभेत वाचून दाखवलास. मी मात्र ताडकन उठले. थोरल्या बहिणीने जरा दमाने घ्यायला हवं होतं, हे कबूल.

तेव्हा जे म्हणाले ते आज शांतपणे म्हणते. जोसायाला पाच महिने कोंडलं कोणी? सरकारचा परवाना नसताना प्रवचन दिलं म्हणून त्याला शिक्षा देणारा न्यायाधीशही दर रविवारी प्रार्थनेला जात होता, वेंडेल. तोही ख्रिस्तीच होता. आज तो घोड्यावरून आपल्या फाटकापाशी आला, तर तुझा दगड वाचून समाधानाने मान डोलावील. आणि जोसाया सुटून आला, स्वातंत्र्य मिळालं, मग सरकार म्हणालं की ख्रिस्ती उपदेशकांच्या पगारासाठी कर बसवू. त्यात आपल्या चर्चलाही वाटा मिळणार होता. तरी आपल्या लोकांनी नको म्हणून अर्ज केला. चर्चच्या इतिवृत्ताच्या पहिल्या वहीतलं ते पान मी सभेत वाचून दाखवलं. 'प्रभूच्या कामाला सरकारची काठी नको,' असं जोसायाच्या वाकड्यातिकड्या अक्षरात आहे.

तुझं उत्तरही मी विसरलेले नाही. "मर्ल," तू म्हणालास, "ते पान लिहिणारे गुडघे टेकून लिहीत होते. त्यांना देश देवाचाच हवा होता, फक्त मधला दलाल नको होता." आणि चारच पानं मागे जाऊन तू त्यांची युद्ध संपल्यावरची प्रार्थना वाचलीस. या भूमीचा जन्म येशूच्या कृपेने झाला, असं त्याच अक्षरात, त्याच शाईत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगू? ते उत्तर मला आजही खोडता आलेलं नाही. माणसं ख्रिस्ती होती यात वाद नाही. पण त्यांनी सरकारला ख्रिस्ती केलं नाही, तेही जाणूनबुजून, असं मला वाटतं, आणि हे तुलाही खोडता आलेलं नाही. आपण दोघं एकाच वहीची दोन पानं धरून भांडतो आहोत. जोसाया वरून बघत असेल तर डोक्याला हात लावून बसला असेल.

पण पत्र त्या वादासाठी नाही. वादासाठी मला टपालतिकीट लागत नाही.

मतदान आठव. तू डोळे मिटून म्हणालास, "प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो," आणि त्याच दमात, "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी उजवा हात वर करा." सभा चालवणारा म्हणून तुला मत नव्हतं, आणि चिटणीस म्हणून मोजायचं काम माझं. मी बाकांमधून फिरत मोजलं. अठ्ठावीस. मग विरोधातले, माझ्यासकट सत्तावीस. एका हाताने ठराव झाला. जेवणाच्या टेबलाशी लोक माझी पाठ थोपटत होते. "स्वतःच्या विरुद्ध मोजलंस मर्ल, चिटणीस असावी तर अशी." तूही दुसऱ्या टोकावरून म्हणालास, "माझी बहीण हट्टी आहे, पण खोटी नाही." मी माझ्या भरल्या अंड्यांचं ताट उचललं आणि डोकं दुखतं म्हणून घरी आले. खरोखरच दुखायला लागलं होतं.

अठ्ठाविसावा हात हॉबर्ट टलचा होता.

हॉबर्टला ऐकू किती येतं ते तू जाणतोस. चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्याला शब्द कळत नाहीत, पण तुझा आवाज प्रार्थनेचा झाला की तो डोळे मिटून हात वर करतो आणि पुढचं गाणं सुरू होईपर्यंत खाली घेत नाही. दर रविवारी करतो. त्या दिवशीही तेच केलं. तू विरोधातली मतं मागितलीस तेव्हाही त्याचा हात वरच होता, वेंडेल. मी त्याच्या बाकाशी उभी होते. पहिल्यांदा मोजला, दुसऱ्यांदा त्याच्यावरून नजर काढून पुढे गेले. चुकून नाही. मला नीट कळत होतं मी काय करते आहे.

कारण तुला सांगते, ते तुला आवडणार नाही. अर्डिसला मातीत ठेवल्यापासून तू जेवत नव्हतास, दाढी करत नव्हतास, प्रवचनं जुनीच काढून वाचत होतास. या दगडाचं मनात आलं आणि तू पुन्हा उठलास. खाणीवर गेलास, कागदावर अक्षरं काढलीस, मला फोन करून 'तुरुंगवास' या शब्दावर छपरासारखी रेघ चांगली दिसेल का असं विचारलंस. सभेत हात वर व्हायला लागले तेव्हा मी तुझा चेहरा पाहिला. शाळेच्या बेसबॉल संघात निवड झाली होती त्या दिवशीचा होता तो. तुझ्या त्या चेहऱ्यापुढे माझं मोजणं हरलं. भावावरची माया म्हण. पण वहीत मी खोटा आकडा लिहिला, आणि आपल्या वहीत गेल्या अडीचशे वर्षांत कोणी लिहिला असेल असं मला वाटत नाही.

गेल्या रविवारी जेवणानंतर मी हॉबर्टच्या चांगल्या कानात ओरडून विचारलं, दगडाला तुझी संमती आहे ना? तो दचकला. "कसला दगड? मी अजून मेलो नाही!" मग सगळं समजावलं. त्याने पीचच्या गोड कॉबलरचा चमचा खाली ठेवला. "मी कुठे मत दिलं? पोरगं प्रार्थना करत होतं, मी देवाकडे हात केला." आणि मग म्हणाला, "मत मागताहेत हे कळलं असतं तर हात मांडीवरच ठेवला असता. जोसायाचं नाव पुरे आहे, बाकीचं वाचणाऱ्याने ठरवावं. पण वेंडेलला सांगू नकोस हं. किती दिवसांनी हसलाय."

तेव्हापासून मला धड झोप नाही. जो हात देवाकडे गेला होता तो मी ठरावात धरला, आणि आपण दोघं महिनाभर ज्याच्यावरून भांडलो ते नेमकं हेच होतं, फक्त मोठं. आणि केलं कोणी, तर मी, जिने वही उघडून सगळ्यांना शिकवलं होतं. तुझाही थोडा दोष आहे. प्रार्थना आणि मतदान एका दमात करू नये रे, मध्ये निदान श्वास घ्यावा.

हॉबर्टचा हात वजा केला तर सत्तावीस-सत्तावीस, आणि बरोबरी झाली की ठराव पडतो. सोमवारच्या आत हे सांगायला हवं, नंतर दगडावरचं पुसता येणार नाही. गुपचूप तुझ्या कानात सांगून तुझ्याकडून दगड थांबवता आला असता, पण मग खोटं तुझ्याही गळ्यात पडलं असतं. आणि तुला न सांगता सगळ्यांसमोर उभी राहिले असते, तर तू व्यासपीठावर एकटा पडला असतास, पहिल्या बाकावर अर्डिसही नसताना. म्हणून हे पत्र शनिवारच्या आत तुला मिळेल असं टाकते आहे. रविवारी सभा सुरू करताना तू नेहमीसारखं विचारशील, "मागच्या इतिवृत्तात कोणाला काही दुरुस्ती?" चाळीस वर्षांत कोणी काही बोललेलं नाही, म्हणून तू उत्तराची वाट न बघता पान उलटतोस. या वेळी उलटू नकोस, वेंडेल. थांब, आणि माझ्याकडे बघ. माझा हात वर असेल.

तुझ्यावर रागावलेली आणि तरीही तुझीच,
मर्ल