कागद घोटणाऱ्याचं गाऱ्हाणं

ती. दादा यांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (तूर्त कंबर आणि उजवा खांदा दोन्ही धरले असल्याने हा नमस्कार कागदावरच गोड मानून घ्यावा. खांदा का धरला ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं कळलं, बरं वाटलं. इकडे तुमच्या धाकट्या बहिणीची प्रकृती उत्तम आहे. माझी कशी आहे ते नक्की सांगता येत नाही, कारण हल्ली या घरात ती कोणी विचारत नाही.

तुम्ही थोरले भाऊ आहात. तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही. तेव्हा तुम्ही तिचे चांगले कान उपटावेत, एवढ्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं आहे. कशावरून, ते सांगायचं तर सुरुवातीपासून सांगायला हवं, आणि मला मध्येच तोडायला तुम्ही समोर नाही, हे एक बरं आहे.

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी छंद लावून घ्यावा असं सगळेच सांगतात. (सांगणारे बहुतेक नोकरीत असतात.) पाणीपुरवठा खात्याच्या नकाशाघरात माझी उभी हयात गेली. गावातल्या निम्म्या टाक्या माझ्या रेघांवर उभ्या आहेत आणि त्यांतली एकही गळत नाही. त्यामुळे सायकल दुरुस्तीच्या दुकानावर ‘इराणी लघुचित्रकला, नवशिक्यांसाठी’ अशी पाटी दिसली तेव्हा नवशिके हा शब्द मी माझ्यापुरता सोडून दिला आणि नाव घातलं. महिनाभरात शिकवणाऱ्या बाई वर्ग माझ्याच हवाली करतील अशी माझी खात्री होती. या बाई चाळिशीच्या आहेत, बोटं कायम निळी असतात आणि आवाज कधी चढत नाही. आवाज न चढवता माणसाचा किती अपमान करता येतो ते मला त्यांच्याकडे कळलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी बागेचं चित्र काढायला सांगितलं. मी भिंत काढली, हौद काढला, लांब जाणाऱ्या फरशा नियमाप्रमाणे लहान लहान करत नेल्या आणि झाडाखाली हलकीशी सावलीही टाकली. बाईंनी ओल्या बोळ्याने आधी ती सावली पुसली. या चित्रांत म्हणे सावली नसते. रात्र असली तरी सगळं लख्ख दिसतं, फक्त वर चंद्र काढायचा आणि कोणाच्या तरी हातात मेणबत्ती द्यायची. हौद वरून पाहिल्यासारखा काढायचा आणि त्यातलं बदक बाजूने. लांबचा माणूस लहान नाही काढायचा, नुसता वर चढवायचा. मी म्हटलं, असा नकाशा आमच्या साहेबांपुढे ठेवला असता तर पाणी टाकीतून निघून थेट आभाळात गेलं असतं. तर म्हणाल्या, काका, तुम्ही एका जागी उभं राहून बघता, इथे नजरेने हिंडायचं असतं. निवृत्त माणसाला हिंडायला शिकवायचं म्हणजे काय! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण पैसे आगाऊ भरले होते.

मग रेघ. मांजराच्या केसांचा कुंचला, टोकाला जेमतेम एक केस. श्वास रोखायचा आणि एका दमात पान काढायचं, मध्ये जाड, टोकाला बारीक. माझी पानं पाहून बाई म्हणाल्या, “काका, तुमची रेघ अगदी पट्टीने काढल्यासारखी येते.” मी घरी येऊन हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. ते कौतुक नव्हतं, हे पुढच्या आठवड्यात कळलं, कारण माझ्या हातातला कुंचला गेला आणि त्यात गुळगुळीत अकीकाचा दगड आला. कागदाला खळ आणि अंड्याचा पांढरा बलक लावून वाळवायचा, फळीवर ठेवायचा आणि दगडाने घोटायचा. काचेसारखा होईपर्यंत घोटायचा. नाहीतर रंग कागदात मुरतो. वर्गातला दंतवैद्य गुलाबाची फुलं काढतोय आणि मी शेजारी सगळ्या वर्गाचे कागद घोटतोय. खांदा असा धरला.

आता तुमच्या बहिणीकडे येतो. एक दिवस मी चष्मा घरी विसरलो, तो द्यायला ती आली. बाईंचा फोन चालला होता म्हणून समोर पडलेला कुंचला तिने उचलला आणि एक पान काढलं. मग त्याच्या शेजारी दुसरं. बाईंनी फोन मध्येच ठेवला. त्या दिवसापासून ती शिष्या आणि मी घोट्या. (हे नाव दंतवैद्याने ठेवलं. त्याच्याकडे मी आता दात दाखवायला जात नाही.) या चित्रांत कोणाच्याही चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं. एखाद्याचं मुंडकं उडत असो की तो फूल हुंगत असो, चेहरा तोच. सगळ्यांना हे जड जातं, हिला पहिल्याच फटक्यात जमलं. बाईंनी विचारलं, कसं काय? तर म्हणाली, यांचं बोलणं ऐकताना माझा असाच असतो. सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा.

तरीही मी मिठाची गुळणी धरून बसलो होतो. पण तिचं मोठं चित्र सुरू झालं, बागेतल्या मंडपाचं, त्यातली फरशी मला बघवेना. सगळ्या फरशा सारख्या, एकही मागे जात नाही. ती दुपारी बाजारात गेली तेव्हा मी पट्टी घेतली आणि दोनच रेघा दुरुस्त केल्या. (शाईने. पेन्सिलने करण्याएवढी शंका मला नव्हती.) तिने येऊन पाहिलं. त्या दोन रेघांवर तिने एक वाकडा, म्हातारा चिनार उभा केला, मंडपाच्या छपराबाहेर डोकं काढणारा. ते चित्र बाईंनी त्यांच्या थोरल्या गुरुजींना दाखवलं, आणि गुरुजी म्हणे त्या झाडापाशीच थांबले. झाड तिथे का आलं, कोणामुळे आलं, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. खाली सहीसुद्धा करत नाहीत या चित्रांत, नाहीतर मी माझी केली असती.

गुरुजींच्या चित्रांच्या कारखान्यात वर्षाला एकाच नव्या माणसाला घेतात. दुसऱ्या गावी, तिथेच राहायचं, वर्षभर. ती जागा तिला देऊ केली आहे. न्याय पाहिला तर त्यातली अर्धी माझी आहे. आणि ही बया भर वर्गात बाईंना काय म्हणाली? “मी गेले तर घरी यांचं कोण बघणार?” म्हणजे नकाराचं खापर माझ्या डोक्यावर! मी काय कुंडीतलं रोप आहे, पाणी घातलं नाही तर सुकायला? एकदा दूध उतू गेलं आणि एकदा कुकरची शिट्टी उडाली, एवढ्यावरून माणसाला निकामी ठरवायचं? दादा, मला हा अपमान सहन होत नाही. तिला चार शब्द सुनवा, एवढंच मागणं आहे.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
रागावलेला मेहुणा

ता. क. चार शब्द कोणते, ते लिहायचं राहिलं. तिला जायला सांगा. मी सांगून पाहिलं, पण माझ्या तोंडून ते भांडणासारखं निघालं आणि तिने मलाच विचारलं, “मी नकोशी झालेय का तुम्हाला?” मी दगड घेऊन कागद घोटायला बसलो. बाईंना नाही म्हटल्यापासून तिने कुंचला हातात धरलेला नाही. दिवसभर आधीच स्वच्छ असलेली कपाटं पुसत असते. मला ते बघवत नाही. शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. मी पत्र लिहिलं हे मात्र तिला सांगू नका, बाईंकडून कळलं म्हणा.

आणखी एक. वर्षभर पुरतील एवढे कागद घोटून तिच्या बॅगेच्या तळाशी ठेवले आहेत. दंतवैद्याला माझे कागद मी बंद केले आहेत.

तिसरं आणि शेवटचं. ती गेलीच, तर संध्याकाळी अधूनमधून मला फोन करत जा. काही काम नसलं तरी चालेल.