चौथ्या गाण्यातली शांतता

कोल्हार

स्टीफनदादा,

तुमच्या बँडचा नवा अल्बम ऐकला. गिटार कमी झालीय. आवडलं की नाही, ठरत नाही. चौथ्या गाण्यात प्रत्येक कडव्याआधी तुझा ड्रम थांबतो. मला वाटलं, मोबाईल अडकला. मग आठवलं, चर्चमध्ये मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना गीतांच्या पुस्तकातलं पान सापडेपर्यंत आई अशीच गाणं थांबवायची.

तिच्या मातीला तू आला नाहीस. तेव्हापासून घरात तुझं नाव निघत नाही. मग तिची शांतता तू कशी घेतलीस? राग आला, आणि मी गाणं पुन्हा लावलं.

बाबाही ऐकत होते. म्हणाले, “तुझी आई अशीच थांबायची. ह्या ड्रमवाल्याला कोणी शिकवलं गं?”

तुझं नाव ओठांवर आलं होतं. ते ह्या पत्राच्या पाकिटावरही अजून लिहिलेलं नाही.

दीना